कडा की पॉइंट? कर्जत-खालापुरातल्या कडेच्या शब्दांची गोष्ट

आजच्या भागात शब्द आहेत, आणि डोंगरही आहेत.

मुंबईहून कर्जतच्या दिशेने निघालं की माटुंग्यानंतर एक स्टेशन लागतं. मराठीत शीव, इंग्रजीत सायन. शीव म्हणजे हद्द. मुंबईचं बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. रोज लाखो लोक तिथून जातात, पण आपण एका जुन्या हद्दीवरून चाललोय हे किती जणांच्या मनात येत असेल? शब्द शिल्लक राहिला, अर्थ गळून गेला.

आता हीच गाडी नेरळला येते आणि वर माथेरान दिसतं. मे १८५०. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ चौकला होता. आजचं चौक खालापूर तालुक्यात. (कर्जतचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, पुढे कुलाब्यात गेला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीही काही दगडावरची रेघ नसतात!) मॅलेटसाहेब वन ट्री हिलच्या अंगाने चढले, रामबागेकडून उतरले, आणि माथेरानचा ‘शोध’ लागला. शोध कसला? ठाकर, कातकरी, धनगर त्या डोंगरात होतेच. माथ्यावरचं रान ही नावाची फोडही त्याआधीचीच.

पण साहेबांनी एक गोष्ट खरंच नवी आणली. ती म्हणजे ‘पॉइंट’.

इंग्रजीत पॉइंट म्हणजे मुळात टोचल्याचा ठिपका, मग टोक, मग समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक. मुंबईचा मलबार पॉइंट तसाच. माथेरानचं पठारही चहूबाजूंनी हवेत सोंडा काढून बसलेलं, त्यामुळे शब्द चपखल बसला. लुईसा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, इको पॉइंट, पॅनोरमा पॉइंट. खालच्या गावांचीही नावं वर चढली. चौक पॉइंटवरून खाली बघितलं की चौकचा परिसर दिसतो.

इथेच खरी गंमत आहे. खालच्या माणसाकडे याच जागेला शब्द होता: कडा. कड्याकडे मान वर करून बघायचं. गुरं कड्याला जाऊ द्यायची नाहीत. कड्यावरून लोटून देण्याची शिक्षा ती कडेलोट. ‘कडा’ म्हटलं की त्यात उंची आहे, तशी भीतीही आहे. पॉइंटवर मात्र आपण वर उभे असतो आणि बघायचं असतं ते लांब, मावळत्या सूर्याकडे. कडा कोसळतो. पॉइंट कोसळला असं कुणी म्हणतं का?

खोपोलीजवळ घाटातला तो सुळका आठवा. आपल्याकडची माणसं त्याला नागफणी म्हणतात, फणा काढलेला नाग. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, आणि तो ड्यूक्स नोज झाला. हाच वेलिंग्टन १८०३ मध्ये असईला मराठ्यांशी लढला होता. दगड तोच, एकाला साप दिसला, दुसऱ्याला आपला सेनापती.

मग आला तिसरा शब्द. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्राने माथेरान आणि भोवतालचा परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला. भोवती २०० मीटरचा ‘बफर झोन’. बफर हा शब्द कर्जतकरांना काही नवा नाही. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिनं कर्जतलाच लागतात. रेल्वेच्या भाषेत बफर म्हणजे दोन डब्यांच्या मध्ये राहून धक्का सोसणारा भाग. जंगल वाचायला हवं यात वादच नाही. पण नकाशावर बफर लिहिलं की तिथे माणसंही राहतात, हे शब्दात कुठेच दिसत नाही.

आणि आता चौककडे परत येऊ. याच चौकच्या वर इर्शाळगड, आणि गडाच्या पोटाशी ठाकरांची इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, पन्नासहून जास्त माणसं मिळालीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं.

दरड. हाही कडेचाच शब्द बघा. दरड म्हणजे तुटलेला, उभा काठ. आज तो ‘कोसळली’ या क्रियापदाशिवाय आपल्याला भेटतच नाही.

इंग्रजी शब्द वाईट आणि मराठी चांगले, असं मला म्हणायचं नाही. पॉइंट आता मराठीच झालाय. माथेरानचा घोडेवाला ‘पॉइंट दाखवतो’ म्हणतो आणि त्यावर त्याचं घर चालतं. मुद्दा इतकाच की कडेला दिलेला शब्द सांगतो, बोलणारा कुठे उभा आहे. वरून बघणाऱ्याचे शब्द पाट्यांवर, नकाशांवर, याद्यांवर गेले. खालून बघणाऱ्याचे शब्द वाडीत राहिले. आणि पाऊस तर खालच्यालाच गाठतो.

पुढच्या वेळी पॉइंटवर कठड्याला टेकून फोटो काढाल, तेव्हा एकदा खाली बघा. तिथून कुणीतरी वर बघत असेल, आणि त्याच्यासाठी तुम्ही कड्यावर उभे असाल.

तुमच्या गावाच्या शिवेला, बांधाला, वेशीला काय नावं आहेत, ती घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात.