बिनतारी यंत्रमानवाचा सर्किट बोर्ड

चाके अधांतरी ठेवून चाचणी घेतली असता प्रत्येक आज्ञा अचूक पाळणारा यंत्रमानव जमिनीवर ठेवताच अडखळू लागतो, मध्येच थांबतो किंवा आज्ञा नसतानाही भिंतीवर जाऊन आदळतो. हौसेने यंत्रमानव तयार करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दोष रेडिओचा आहे असे समजून अधिक शक्तीचा रेडिओ बसवला जातो. प्रत्यक्षात दोषाचे मूळ अनेकदा वीजपुरवठ्यात आणि सुटे भाग जोडणाऱ्या तारांच्या गुंत्यात असते. हा गुंता दूर करून सर्व भाग एकाच फलकावर आणण्यासाठी स्वतंत्र सर्किट बोर्डाची रचना केली जाते.

असा बोर्ड म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी यांपासून बनवलेली, साधारणतः १.६ मिलिमीटर जाडीची पट्टी. तिच्या दोन्ही बाजूंवर सुमारे ३५ मायक्रोमीटर जाडीचा तांब्याचा थर असतो. नको असलेले तांबे काढून टाकले की उरलेल्या रेषा तारांचे काम करतात. या बोर्डावर मुख्यतः वीजदाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, मोटारींना वीज पुरवणारा ड्रायव्हर, नियंत्रक आणि अँटेनासह रेडिओ एवढे भाग असतात. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ साली आणलेल्या 'ईएसपी ३२' या चिपमध्ये नियंत्रक, वाय-फाय व ब्लूटूथ एकत्र आहेत. ही चिप अँटेनासह तयार मॉड्यूलच्या रूपातही मिळते. अँटेनाची जुळणी आधीच केलेली असल्यामुळे नवशिक्याने सुट्या चिपऐवजी मॉड्यूल वापरणे श्रेयस्कर ठरते.

हे मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर काम करते. या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे भारतात २००५ पासून परवान्याविना वापरता येतात. या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर आणि तिचा चौथा हिस्सा सुमारे तीन सेंटिमीटर असतो. त्यामुळे मॉड्यूलच्या टोकाला असलेली तांब्याची छोटीशी नागमोडी रेषाही अँटेना म्हणून पुरते. मात्र जवळ धातू आला की तिची जुळणी बिघडते. म्हणून अँटेना बोर्डाच्या कडेला, शक्यतो कडेबाहेर डोकावेल अशी ठेवावी. तिच्याखाली कोणत्याही थरात तांबे नसावे आणि सभोवती सुमारे १५ मिलिमीटर जागा मोकळी असावी. बॅटरी, मोटार आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा यांच्यापासूनही तिला दूर ठेवावे लागते.

याहून अधिक काळजी वीजवाहक रेषांची घ्यावी लागते. मोटार सुरू होताना किंवा चाक अडकल्यावर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. पाव मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब तांब्याच्या रेषेचा रोध सुमारे ०.२ ओहम असतो. तिच्यातून दोन ॲम्पिअर प्रवाह गेला की ०.४ व्होल्टचा फरक पडतो. हीच रेषा नियंत्रकाचीही 'ग्राउंड' असेल, तर त्याची शून्याची पातळीच डळमळते आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र संपर्क तुटल्याचा भास होतो. रेषा दहापट रुंद केली, तर हा फरक ०.०४ व्होल्टवर येतो. मोटारीचा आणि नियंत्रकाचा परतीचा मार्ग वेगळा ठेवून ते बॅटरीजवळ जोडावेत. मोटारीतील ब्रशांच्या ठिणग्यांचा उपद्रव कमी करण्यासाठी तिच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावतात. तसाच कपॅसिटर, सोबत दहा मायक्रोफॅरडचा आणखी एक, मॉड्यूलच्या वीजपिनेला अगदी लागून हवा.

एवढे करूनही बिनतारी संपर्क कधी ना कधी तुटणारच, हे गृहीत धरावे लागते. वाय-फाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात चालत असल्यामुळे गर्दीच्या सभागृहात ही शक्यता वाढते. शेवटची आज्ञा 'पुढे चल' अशी असेल आणि नंतर काहीच ऐकू आले नाही, तर जड यंत्रमानव एखाद्याच्या पायावर जाऊ शकतो. म्हणून अर्धा सेकंद संदेश न आल्यास मोटारी बंद कराव्यात, अशी सूचना प्रोग्राममध्ये असावी. पण नियंत्रकच बंद पडला, तर प्रोग्राम निरुपयोगी ठरतो. यासाठी ड्रायव्हर सुरू करणारी पिन दहा किलोओहमच्या रोधाने ग्राउंडला जोडतात. मग नियंत्रक गप्प असताना मोटारी आपोआप बंदच राहतात. काही पैशांत मिळणारा हा भाग आराखड्यातून वगळू नये.

आराखडा काढण्यासाठी 'कीकॅड' ही मोफत संगणकप्रणाली उपलब्ध आहे. फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारास यांनी तिची सुरुवात १९९२ साली केली. तीत आधी जोडणीची आकृती काढतात, मग भागांची मांडणी करतात आणि शेवटी 'गर्बर' फाइल कारखान्याकडे पाठवतात. त्याआधी आराखडा मूळ आकारात कागदावर छापून त्यावर भाग ठेवून पाहिल्यास चुकीच्या मापाची पिन वेळीच लक्षात येते.

तयार बोर्डाची खरी परीक्षा यंत्रमानव पूर्ण जोडल्यावरच होते. बॅटरी निम्मी उतरलेली असताना यंत्रमानव भिंतीला टेकवून चाके अडवावीत, 'पुढे चल' ही आज्ञा चालू ठेवावी आणि नियंत्रक पुन्हा सुरू होतो का ते पाहावे. त्यानंतर चालत्या यंत्रमानवाचा प्रक्षेपक अचानक बंद करावा. तो अर्ध्या सेकंदात जागच्या जागी थांबला, तरच बोर्ड वापरण्यायोग्य समजावा.