खेड्यांतील कुटुंबनियोजन : सरकार आणि लोकसंस्था

१९९० च्या सुमारास मी एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होतों. मार्चअखेर जवळ आली कीं आम्हां मास्तरांकडून पटावरील मुलांखेरीज आणखी एक हिशेब मागितला जाई : कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठीं किती माणसें आणून दिलीं? याला 'केस देणें' म्हणत. केस न दिल्यास पगार अडकेल, ही धास्ती सर्वांनाच असे. एका दुपारीं मी पटनोंदणीसाठीं एका शेतमजुराच्या दारीं गेलों, तर मला पाहतांच घरांतील बाईनें आंतून कडी घातली. ती कडी कां पडली, याचा शोध घेतां घेतां मी या विषयाच्या इतिहासाकडे वळलों.

या कार्याचा आरंभ आपल्या प्रांतांत सरकारनें केला नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, तें स्वतःच्या हिमतीवर. आणि या मतांपायीं त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. म्हैसूर संस्थानानें १९३० सालीं सरकारी दवाखान्यांतून ही सोय केली खरी, पण मुंबई इलाख्यांत सरकार हललें नाहीं. नोव्हेंबर १९३८ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे रोहम यांनीं विधिमंडळांत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो ११ विरुद्ध ५२ मतांनीं फेटाळला गेला. तोंपर्यंत, आणि नंतरहि बराच काळ, शकुंतलाबाई परांजपे यांच्यासारख्या व्यक्तींनींच ही धुरा वाहिली.

१९४९ सालीं मुंबईंत धन्वंती रामा राव यांच्या अध्यक्षतेखालीं फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ही संस्था निघाली. लागलीच पहिल्या पंचवार्षिक योजनेंत सरकारनें कुटुंबनियोजनासाठीं ६५ लाख रुपये राखले आणि अशा संस्थांना अनुदान देण्याचें धोरण स्वीकारलें. सहकार्याची ही पहिली गांठ. परंतु त्या रकमेचा चौथा हिस्साहि पांच वर्षांत खर्च झाला नाहीं! पैसा होता, तो खेड्यांतील माजघरापर्यंत नेणारें माणूस नव्हतें. संस्थांचे दवाखाने बहुधा शहरांत, आणि सरकारी नोकर खेड्यांत गेला तरी तो परका.

म्हैसूरकडील रामनगरम् येथील प्रयोग या दृष्टीनें मोठा बोलका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें सरकारनें तेथें बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. रोज एक मणी सरकवावयाचा. हिरवा मणी निर्धोक दिवसाचा, लाल मणी जोखमीचा. युक्ति कागदावर नामी होती. पण रात्रीच्या अंधारांत रंग ओळखतां येईनात, आणि कित्येकींनीं असा समज करून घेतला कीं मणी सरकविला म्हणजेच काम झालें. त्यांना हंसणें सोपें आहे. माळ देणाऱ्यानें त्यांच्याजवळ किती वेळ बसून समजाविलें होतें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

पुढें सहकार्याला निराळेंच वळण लागलें. केरळांतील एर्नाकुलम् येथें जुलै १९७१ च्या शिबिरांत एका महिन्यांत ६३,४१८ शस्त्रक्रिया झाल्या. व्यवस्था जिल्हाधिकाऱ्यांची, आणि भेटवस्तूंना 'केअर' या परदेशी सेवाभावी संस्थेचा हातभार. शिबिर नेटकें होतें, हें मी नाकारीत नाहीं. पण ऐन पावसाळ्यांत, हाताला काम नसतांना, गरिबापुढें बक्षीस ठेवून मिळविलेल्या होकाराला पुरता होकार म्हणावें काय? त्यानंतर आंकड्यांचीच भूक वाढली. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत सक्ती कोठें कोठें झाली तें आपण जाणतांच. आपल्या विधिमंडळानें तर सक्तीचें विधेयकच संमत केलें होतें. त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं, हें आपलें सुदैव.

याच वर्षांत, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत, जामखेडला अगदीं उलट वाटेनें काम चाललें होतें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य तेथें १९७० सालीं आलें. त्या भागांत हजार बालकांपैकीं पावणेदोनशेंच्या आसपास बालकें पहिल्या वाढदिवसाआधींच दगावत. जिला आपलें मूल जगेल याचीच खात्री नाहीं, तिला 'दोनच पुरे' कोणत्या तोंडानें सांगावें? आरोळ्यांनीं प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. गांवांनीं त्यांना आपलें मानलें नाहीं. तेव्हां त्याच गांवच्या बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, आणि त्यांना शिकवून तयार केलें. आधीं पाणी, बाळाचा आहार, सुखरूप बाळंतपण. गर्भनिरोधाचा विषय त्यांच्याच तोंडून, ओटीवर बसून निघे. या कार्यासाठीं १९७९ सालीं आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारला मात्र गांवचीच बाई कामाला घेण्याचें हें शहाणपण देशभर लागू करण्यास २००५ साल उजाडावें लागलें; त्या बाईला आपण 'आशा' म्हणतों.

मधल्या काळांत, एप्रिल १९९६ पासून, केंद्र सरकारनें वरून ठरवून दिलेलीं उद्दिष्टें रद्द केलीं. त्या जूनमध्यें मी पटनोंदणीला पुन्हां त्याच घरीं गेलों. तिचा धाकटा पहिलीच्या वयाचा झाला होता. बाईनें या खेपेस कडी काढली, पण दार पुरतें न उघडतां फटींतूनच विचारलें, "गुरुजी, निस्तं शाळंचंच ना?"