तळटीप : ‘पाकिटावरची रॉयल्टी’

१२. पाकिटावरची रॉयल्टी : बीटी सरकीच्या पाकिटात ४५० ग्रॅम बियाणे असे आणि सोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी, म्हणजे ‘रेफ्युजी’; ही दुसरी पुडी वऱ्हाडात पुष्कळांच्या घरी खुंटीलाच राही. रॉयल्टी बियाण्याची नव्हती, आतल्या जनुकाची होती. मोन्सॅन्टोचे पेटंट (क्र. २१४४३६) बोलगार्ड-२ या बीटी तंत्रासाठीचे, २००२ च्या पहिल्या बोलगार्डवर भारतात पेटंट नव्हतेच. लेखकाने दोन्ही एकत्र केली आहेत. शिवाय कंपनीने कोर्टात खेचले ते नुझिवीडू सीड्स या बियाणे कंपनीला, अकोल्या-अमरावतीच्या कास्तकाराला नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये पेटंटच रद्द केले. पुरावा न तपासता ते उडवता येत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ ला तो निकाल फिरवला. २०२१ मध्ये तडजोड झाली आणि जनुकावर असे पेटंट चालते का, हा मूळ प्रश्न लोंबकळतच राहिला. लेखकाच्या मनातला ‘छळवादी दावा’ खरा शोभतो तो गुजरातेत : २०१९ मध्ये पेप्सिकोने काही बटाटा उत्पादकांवर प्रत्येकी कोटीवर रुपयांचे दावे लावले, बोंब झाल्यावर मागे घेतले. तोही पेटंटचा नव्हे, वाण-हक्काचा. २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बियाणे राखायची, पेरायची, ब्रँड न लावता विकायचीही मुभा देते. पेटंटच्या पोकळ धमकीवर पेटंट कायद्याचे कलम १०६ आहे : धमकावला गेलेला माणूसच उलट दावा लावून मनाई आणि भरपाई मागू शकतो. पाकिटावरची रॉयल्टी सरकारने २०१६ मध्ये ४९ रुपयांवर आणली, २०२० मध्ये शून्य केली.