पंचाण्णव टक्के, पण कोणाच्या तुलनेत?

कॉलेजच्या आवारात ई-सिगारेटला मज्जाव असावा असे म्हणणाऱ्याकडे अलीकडे बरीच सुशिक्षित मंडळी कणवेने पाहतात. हा माणूस एकतर सोवळा, नाहीतर विज्ञानाला पारखा, असा त्यांचा निवाडा असतो. माझा या मंडळींशी वाद आहे. मात्र त्यांचा पक्ष पोकळ नाही, म्हणून आधी तो पुरता मांडतो.

पूर्वपक्ष असा. सिगारेट माणसाला मारते ती प्रामुख्याने तंबाखू जळताना निघणाऱ्या डांबरामुळे, कार्बन मोनॉक्साइडमुळे आणि इतर विषारी द्रव्यांमुळे. ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळतच नाही. बॅटरी द्रावण तापवते आणि त्याची वाफ होते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ साली ती सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे सांगितले. सिगारेट सोडायला तिची मदत होते. विद्यार्थी सज्ञान आहे, मतदार आहे. फाटकाबाहेरच्या टपरीवर सुटी सिगारेट मिळते आणि तिच्याहून सौम्य वस्तूला देशभर बंदी, हा दुटप्पीपणा नव्हे काय? शिवाय बंदीने साधते काय? महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. गुटखा कुठे मिळत नाही?

एका दमात ऐकले की हे बिनतोड वाटते. एकेक मुद्दा सुटा करून पाहू.

त्या लाडक्या ९५ टक्क्यांचे मूळ २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आहे. बारा तज्ज्ञांनी लंडनमध्ये बसून निकोटिनच्या बारा प्रकारच्या उत्पादनांना चौदा निकषांवर गुण दिले. तिथे कोणाची फुप्फुसे तपासली नव्हती. जाणकारांच्या अंदाजांची ती बेरीज होती. बहुतेक निकषांबाबत ठोस पुरावा अपुरा असल्याचे लेखकांनी स्वतःच नमूद केले होते. ‘लॅन्सेट’ने २०१५ च्या संपादकीयात या पायाच्या ठिसूळपणावर कडक टीका केली.

पण समजा, आकडा खरा आहे. ९५ टक्के कमी, पण कशापेक्षा? सिगारेटपेक्षा. म्हणजे हा हिशेब सिगारेट ओढणाऱ्यासाठी मांडलेला आहे. ज्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, त्या अठरा वर्षांच्या मुलीने व्हेपची तुलना कशाशी करायची? साध्या हवेशी. त्या तुलनेत धोका कमी होत नाही, शून्यावरून वर चढतो. इंग्लंडचे अधिकृत मतही याहून वेगळे नाही. तिथल्या २०२२ च्या सविस्तर अहवालाने सिगारेटच्या तुलनेत व्हेपचा धोका अल्प व मध्यम मुदतीत बराच कमी असल्याचे मान्य केले आणि त्याच अहवालात, विशेषतः कधीच धूम्रपान न केलेल्यांसाठी, ती निर्धोक नाही असेही बजावले. आपले मित्र अहवालाचे पहिले अर्धे वाक्य वाचून थांबतात.

आता महाराष्ट्राकडे या. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते. मिश्री, खर्रा, मावा, गुटखा अशा धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के. आपला तंबाखू मुख्यतः तोंडात आहे, धुरात नाही. मग ही वाफ नेमकी कोणत्या धुराची जागा घेणार? विडी ओढणारा शेतमजूर किंवा खर्रा घोटून घेणारा नागपूरकर रिक्षावाला काही टरबुजाच्या चवीचा पॉड विकत घ्यायला निघालेला नाही. हानी कमी करण्याचे तत्त्व मला मान्य आहे. त्याचा फर्स्ट इयरच्या वर्गाशी जोडलेला संबंध मात्र बादरायण आहे.

सिगारेट सोडवण्याच्या मुद्द्याला पुरावा आहे, आणि चांगला आहे. २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ८८६ जणांवरील ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षअखेर सिगारेटमुक्त राहिलेले ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के होते, तर निकोटिनच्या पट्ट्या-गोळ्या वापरणाऱ्यांत ९.९ टक्के. यश जवळजवळ दुप्पट. पण हे कोण होते? सिगारेट सोडण्यासाठी स्वतःहून सरकारी केंद्रात आलेले प्रौढ, आणि निदान चार आठवडे त्यांना दर आठवड्याला समुपदेशकाची साथ होती. आणखी एक आकडा सहसा गाळला जातो. सिगारेट सुटलेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटातले ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटात आपले साधन अजून वापरणारे होते ९ टक्के. सिगारेट सुटली, निकोटिन राहिले. जुन्या धूम्रपानकर्त्याला हा सौदा परवडेल. ज्याला काही सोडायचेच नाही, त्याने तो का करावा?

इथे यंत्राकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण सगळी मेख तिथे आहे. साध्या रूपातले निकोटिन अल्कधर्मी असते. त्याची मात्रा वाढवली की घसा जळतो, नवखा माणूस खोकून बाजूला ठेवतो. शरीराने घातलेली ही राखण होती. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या अमेरिकन ‘जूल’ने द्रावणात बेन्झोइक आम्ल मिसळून निकोटिनचा क्षार वापरला. घशाची जळजळ कमी झाली आणि मात्रा मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमपर्यंत नेता आली. युरोपीय संघात ही मर्यादा २० आहे. शिवाय सिगारेट संपते, तिचे थोटूक उरते, बोटांना वास राहतो. व्हेपला शेवट नाही. ती पेनड्राइव्हसारखी मुठीत मावते, बाहीत लपते. मागच्या बाकावर दोन झुरके घेतले तरी आंब्याचा वास क्षणात विरतो. धूम्रपान सोडू पाहणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला ही लपवाछपवी कशाला लागते? आणि ‘टेन्शन कमी होते’ या विद्यार्थ्यांच्या अनुभवाचे म्हणाल, तर निकोटिन उतरताना जी बेचैनी येते, तीच पुढचा झुरका शमवतो. मेंदूचा विवेक सांभाळणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. ही सवय नेमकी त्या वयात लागते.

माझ्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. २०१९-२० मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या तीव्र इजेने २,८०७ जण दाखल झाले किंवा दगावले; मृत्यू ६८. हे आकडे फलकावर लावून ‘व्हेप म्हणजे मृत्यू’ असे सांगणे लबाडीचे आहे. त्या साथीचे मुख्य कारण ठरले ते बहुतांशी गांजाच्या अर्काच्या द्रावणांत मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट. मुलांना हे ठाऊक असते, आणि एक थाप पकडली की ती पुढचे खरेही ऐकत नाहीत. निकोटिनविरुद्धची फिर्याद अतिशयोक्तीशिवाय उभी राहते.

सज्ञानपणाचा मुद्दा आपल्याकडे फाटकातच अडखळतो. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज एकाच आवारात भरते. अकरावीतला सोळा वर्षांचा मुलगा आणि एम.ए.ची विद्यार्थिनी एकाच कँटीनमध्ये चहा पितात. ‘फक्त सज्ञानांना’ हा नियम त्या टेबलावर कोण पाळणार?

दुटप्पीपणाचा आरोप देशाच्या कायद्यावर खुशाल करा. त्यात तथ्य आहे. मात्र कॉलेजच्या आवारात तो उलटतो. तिथे सिगारेट ओढायला आधीच मनाई आहे आणि २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत तंबाखू विकताही येत नाही. फाटकाबाहेरची टपरी बेकायदा असेल तर ती हलवावी, की तिच्या भरीला आत व्हेप आणावी? तंबाखू कंपन्यांच्या धंद्याला शह म्हणून ई-सिगारेट मिरवणाऱ्यांनी हेही आठवावे की ‘मार्लबोरो’वाल्या ‘ऑल्ट्रिया’ने डिसेंबर २०१८ मध्ये १२.८ अब्ज डॉलर मोजून ‘जूल’चा ३५ टक्के हिस्सा घेतला होता.

राहिला ‘बंदीने काय होते’ हा प्रश्न. गुटखा चोरून मिळतो, कबूल. पण राज्यातले तंबाखूसेवन २००९-१० मधल्या ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. सगळे श्रेय बंदीचे नाही. ‘काहीच होत नाही’ हेही खरे नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये हायस्कूलचे २७.५ टक्के विद्यार्थी व्हेप ओढत होते, २०२४ मध्ये ७.८ टक्के. त्यात करोनाचा, खटल्यांचा, चवींवरच्या निर्बंधांचा, २१ वर्षांच्या वयोमर्यादेचा असा सगळ्यांचाच वाटा असणार. आणि एस.टी.त विडी पेटवणारा प्रवासी आज का दिसत नाही? जागेचा नियम हळूहळू जागेची रीत बनतो, हेच त्याचे उत्तर.

मग कॉलेजने वेगळा नियम कशाला करायचा? कारण २०१९ चा केंद्रीय कायदा ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांना शिक्षा देतो. ओढणाऱ्याला देत नाही. २००३ च्या कायद्यातली धूम्रपानाची व्याख्या तंबाखूभोवती बांधलेली आहे. मधली फट कॉलेजनेच बुजवायची आहे. कायद्याने वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवले नाही, हे शहाणपणाचेच होते. कॉलेजनेही ते राखावे. व्हेप जप्त करावी, विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे पाठवावे. निलंबनाची, हॉस्टेलमधून काढण्याची धमकी देऊ नये. विकणाऱ्याला मात्र थेट पोलिसांत द्यावे.

दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. प्राचार्यांना विनंती एवढीच, की येत्या सत्राच्या माहितीपुस्तिकेत हा नियम स्पष्ट शब्दांत घालावा आणि त्याच्या खालीच १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक छापावा.