पाक आळतो तो कशाने? पेराद, पेक्टिन व चिंचोका यांचा इतिहास



ज्युबिलीच्या स्मरणिकेत मंदिराच्या पायाभरणीचा, घंटेचा व धर्मगुरूंच्या नामावळीचा वृत्तांत यावा, हे उचितच होय. परंतु ज्या घरांनी धर्मग्राम उभा राहतो, त्या घरांतील चुलीलाही इतिहास असतो, आणि तो सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एका लहानशा गृहकृत्याचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. ते कृत्य म्हणजे फळांचा जॅम करणे. आणि प्रश्न असा की, तो आळतो कशाने?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. हिवाळ्यात पेरू स्वस्त होतो, माणसे आवडीने तो घरी आणतात, आणि चार दिवसांत अर्धा सडून जातो. तो टिकवावा म्हणून गृहिणी साखर विकत आणते, सरपण जाळते, तासभर उलथणे फिरवीत बसते. आणि दुसऱ्या दिवशी बरणी उघडून पाहते तो आत पातळ पाकच. साधारण कुटुंबास ही हानी थोडी नाही. अशा वेळी शेजारीण सांगते, "आणखी आटवा" किंवा "आणखी साखर घाला." हे दोन्ही उपदेश अपुरे आहेत. ते का अपुरे, हे कळण्यास आपणांस थोडे मागे जावे लागेल.

फळ साखरेत टिकविण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. मुरंबा हा शब्द अरबी भाषेतून आला. साखरांबा व गुळांबा हे तर महाराष्ट्राच्या घराघरांतले. परंतु मुरंब्याचे तत्त्व निराळे आहे. त्यात फळाची फोड पाकात राहते व पाक पातळ असला तरी चालतो. आपल्या सुगरणीचे सारे लक्ष पाकाच्या तारेकडे असते: एकतारी, दोनतारी, गोळीबंद. ही परीक्षा साखरेची आहे, फळाची नव्हे. जॅमचे किंवा जेलीचे मर्म मात्र फळातच आहे. कैरीचा गुळांबा चांगला दाटतो त्याचे श्रेय आपण गुळाला देतो. पण कैरीतील आंबटपणा व तिच्या गरातील चिकट द्रव्य यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

फळाचा गर साखरेत शिजवून त्याची वडी पाडण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर रुजली ती पोर्तुगिजांच्या काळात. १५१० साली त्यांनी गोवा घेतले व १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख त्यांच्याकडे गेला. त्यांच्या देशात मार्मेलो नावाचे तुरट, कठीण फळ होते. त्याचा गर साखरेत आटवून ते मार्मेलाद करीत. त्यावरूनच इंग्रजीतील मार्मलेड हा शब्द निघाला. हिंदुस्थानात ते फळ हाताशी नव्हते. परंतु अमेरिका खंडातून पेरू येथे आला आणि गोव्याच्या घरांनी त्याचा पेराद केला. समभार गर व साखर, थोडा लिंबाचा रस, आणि कडा सोडीपर्यंत शिजविणे, एवढीच त्याची कृती. तूप किंवा लोणी लावलेल्या ताटात थापून गार झाल्यावर त्याच्या वड्या कापतात. नाताळच्या फराळाच्या ताटात, म्हणजे गोव्याच्या कुसवारात, पेरादाला आजही मानाचे स्थान आहे. ज्या आयाबायांनी ही कृती पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना पेरू आळतो हे ठाऊक होते. कशाने आळतो हे सांगणारा मात्र अद्याप कोणी नव्हता.

त्याचा पहिला माग लागला तो आपल्या परिचयाच्या चिंचेत! पॅरिसमधील रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांनी १७९० साली चिंचेच्या गराचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात त्यांना पाण्यात विरघळणारे व पुढे थिजणारे एक द्रव्य आढळले. क्रोमियम धातूचा शोध १७९७ साली लावणारे ते हेच व्होकलँ. पुढे १८२५ साली फ्रान्समधील नान्सी येथील ब्राकोनो यांनी हे द्रव्य अनेक वनस्पतींत असल्याचे दाखविले, आणि थिजणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास नाव दिले. तेच पेक्टिन.

पेक्टिन हे फळांच्या पेशींना एकमेकींस जोडून ठेवणारे जणू चुनखडीचे दर्जे होय. कच्च्या फळात ते घट्ट, न विरघळणाऱ्या स्वरूपात असते. फळ पाडाला लागले म्हणजे ते विरघळण्याजोगे होते. आणि फळ फार पिकले की फळातीलच पाचक द्रव्ये त्याचे तुकडे करून टाकतात. मऊ झालेल्या, गळक्या पेरूचा जॅम आळत नाही तो ह्याच कारणाने. स्वाद पिकल्या फळात व बांधणी कोवळ्या फळात. सबब शहाणी गृहिणी तीन वाटे पिकलेल्या पेरूंत एक वाटा कच्चट पेरू मिसळते.

परंतु एकटे पेक्टिनही काही करू शकत नाही. त्याचे लांबलचक तंतू पाण्यात एकमेकांस दूर लोटतात. आम्ल मिळाले म्हणजे त्यांचे हे वैर शमते, आणि साखर भोवतीचे पाणी आपल्याकडे ओढून घेते. तेव्हा ते तंतू एकमेकांस धरून जाळे विणतात व उरलेले पाणी त्या जाळ्यात अडकून बसते. हेच आळणे. तात्पर्य, पेक्टिन, आम्ल व साखर हे तिघेही मापात हवेत. साखर तयार पदार्थात शेकडा ६५ च्या आसपास व्हावी लागते. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही जॅममध्ये विद्राव्य घनभाग किमान शेकडा ६५ व फळ सामान्यतः किमान शेकडा ४५ असावे, असे म्हटले आहे. आम्ल कमी पडले तर शेरभर साखर वाढवूनही पाक पातळच राहील; आम्ल अति झाले तर आळलेल्या जॅमला पाणी सुटेल; आणि नुसते आटवीत बसल्यास पेक्टिनच तुटून जाईल.

विसाव्या शतकात ह्या ज्ञानाचा कारखाना झाला. सफरचंदाचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यापासून युरोपात पेक्टिन काढू लागले. अमेरिकेत रॉबर्ट डग्लस यांनी १९१३ साली त्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढे लिंबू व संत्रे यांच्या सालीही ह्या कामी आल्या. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. जे द्रव्य डब्यांत भरून देशोदेशी विकले जाते, ते निघते चोथ्यातून व सालीतून. म्हणजे आपण उकिरड्यावर टाकतो त्यातून.

महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील टी. पी. घोष व एस. कृष्ण यांनी चिंचोक्यापासून जेली बांधणारे द्रव्य मिळते, हे प्रसिद्ध केले. प्रथम त्यास पेक्टिनच समजत. पुढील संशोधनात ते पेक्टिनाहून भिन्न ठरले. परंतु साखरेबरोबर जेली बांधण्याचा गुण त्यात खचित आहे, आणि त्यास आम्लाची तितकीशी अपेक्षाही नसते. आमच्या वाचकांस ह्याचे नवल वाटू नये. चिंचोक्यांची खळ करून धनगर घोंगडीस लावीत आले आहेत; कापडाच्या गिरण्यांतही सुताला खळ देण्यास चिंचोक्याची पूड वापरली गेली. ज्या चिकटपणाने आपल्या वडिलांची घोंगडी ताठ राहिली, त्याचेच नाते विद्वानांनी जेलीशी जोडून दाखविले.

आपल्याच राज्यातील दुसरे उदाहरण पाचगणी-महाबळेश्वरचे. तेथील स्ट्रॉबेरीचा जॅम सर्वत्र प्रसिद्ध आहे, आणि पाचगणीस १९५९ साली किशोर व्होरा यांनी सुरू केलेला मॅप्रोचा उद्योगही सर्वश्रुत आहे. स्ट्रॉबेरी रंगाने व वासाने श्रीमंत, पण पेक्टिनाने दरिद्री. तिला लिंबाचा रस व बाहेरचे पेक्टिन, अथवा दुसऱ्या एखाद्या फळाचा आधार द्यावा लागतो. शिवाय पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच असल्याने तेथे पाणी ९६ अंशांच्या सुमारासच उकळते. समुद्रकाठी जॅम १०५ अंशांवर तयार होतो, म्हणून कोणी पाचगणीसही १०५ ची वाट पाहील, तर त्याच्या कढईत जॅम नव्हे, चिक्की होईल. म्हणून नियम असा: आपल्या गावी पाणी ज्या अंशावर उकळते, त्यात ५ मिळवावे.

आता आपल्या ढाणकीकडे वळू. उमरखेड तालुक्याची ही भूमी पैनगंगेच्या खोऱ्यातली. कापूस, हळद व ऊस ही येथील पिके. पोफळीस पुढे साखर कारखानाही झाला. चिंच, पेरू, कवठ व लिंबू ही फळे आपल्या भागात दुर्मिळ नाहीत. ह्यांपैकी पेरू व कवठ यांत पेक्टिन विपुल. कवठात आंबटपणाही स्वतःचाच. पपई व चांगला पिकलेला आंबा यांना मात्र लिंबाची व पेक्टिनयुक्त फळाची सोबत हवी. सीताफळाचा जॅम करण्याच्या भरीस कोणी पडू नये. त्याचा गर तापविला की कडवट होतो.

कृती थोडक्यात अशी. पेरूची साल व बियांचा गाभा टाकू नये; फळ चिरून, बुडेल इतक्या पाण्यात सालीसकट मऊ शिजवावे व गर चाळणीतून काढावा. संत्र्याचा मार्मलेड करावयाचा असल्यास आतील पांढरा भाग व बिया फडक्यात बांधून त्याच पातेल्यात सोडाव्यात. किलोभर गरास एका-दोन लिंबांचा रस आधी घालावा, साखर समभार व ती गर मऊ झाल्यावरच. साखर विरघळली की आच मोठी करावी व पातेले पसरट घ्यावे. एका वेळी थोडाच गर शिजवावा. मोठा घाणा फार वेळ उकळतो व बांधणी मोडते. गार बशीवर थेंब टाकून बोटाने सारला असता त्यावर सुरकुती पडली, की पातेले तत्काळ उतरावे. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बरणीत गरम असतानाच भरावा.

तरीही जॅम पातळ राहिला, तर निराश होऊन तो टाकू नये. कच्चट पेरूचा दाट काढा व थोडा लिंबाचा रस घालून त्यास पुन्हा काही मिनिटे उकळी आणावी. बहुधा तो सुधारतो. पाक पातळ राहणे हा हाताचा दोष क्वचितच असतो. बहुधा तिघांपैकी एक उणा असतो, आणि उणा कोण हे ओळखता येते.

एवढा इतिहास कथन करण्यात आमचा हेतू केवळ जिव्हालौल्याचा नाही. आपल्या भगिनी बचत गटांतून पापड-लोणची करतात. त्यांनी जॅमही करावा व अन्न-परवान्याची रीतसर नोंदणी करून तो विकावा. फळ उत्पादकास मातीमोल भाव मिळावा, आणि त्याच फळाची बरणी त्याच्याच लेकरांनी चढ्या दराने विकत घ्यावी, ही स्थिती काही ईश्वराने नेमून दिलेली नाही. पाच भाकरींनी समुदाय तृप्त झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, काही वाया जाऊ नये म्हणून. साल, गाभा व चिंचोका हे आपल्या अंगणातील तसलेच तुकडे आहेत. येत्या नाताळात ताटात पेराद वाढताना, त्यास बांधून ठेवणारे द्रव्य कोठून आले, हे घरातील थोरांनी मुलांस अवश्य सांगावे.