अर्पानेटचे टपाल कसे हलवले

१ जानेवारी १९८३ रोजी, शनिवारी, अर्पानेट या संगणक-जाळ्याने एनसीपी ही जुनी संवादपद्धत सोडून टीसीपी/आयपी स्वीकारली. इंटरनेटचा जन्मदिवस म्हणून ही तारीख सांगितली जाते आणि सगळे एका रात्रीत घडले असे वाटत राहते. ईमेलपुरते बोलायचे तर ते खरे नाही. आरएफसी या नावाने जपलेली त्या वेळची टिपणे तारखांनुसार लावली, की टपाल हलवण्याचा आराखडा सप्टेंबर १९८० मध्येच दिसतो. ते कुठे पोचण्याची सोय आहे आणि कुठे नाही, याची तपासणी मात्र फेब्रुवारी १९८३ च्या शेवटच्या आठवड्यातही चालू होती.

इतका काळ का लागला, याचे उत्तर १९७२ च्या कागदांत आहे. त्या वर्षी टपालाला स्वतःची वाट नव्हती. फाइल पाठवण्याच्या एफटीपी पद्धतीत ‘मेल’ आणि ‘एमएलएफएल’ या दोन आज्ञा घातल्या गेल्या आणि पत्रे त्यांवरून जाऊ लागली. एकच पत्र पाच जणांना पाठवायचे तर ते पाचदा जाई. १९७७ मध्ये यावर तोडगा निघाला, तोही एफटीपीलाच जोडलेला. म्हणजे खालची वाहतूक बदलायची तर टपालाची पद्धतही नव्याने बांधावी लागणार होती.

सप्टेंबर १९८० मधले आरएफसी ७७१ हे व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल यांचे टिपण नेमके या अडचणीवर आहे. फक्त एनसीपी जाणणारे यंत्र आणि फक्त टीसीपी जाणणारे यंत्र एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत, म्हणून दोन्ही जाणणारी मधली यंत्रे हवीत. नोव्हेंबर १९८१ च्या आरएफसी ८०१ मध्ये पोस्टेल यांनी हीच रचना सगळ्या जाळ्यासाठी मांडली. माझ्या मते टपालाचा प्रश्न इथे सर्वांत बिकट होता. टेलनेट ही दूरच्या यंत्रावर शिरण्याची पद्धत वापरणारा माणूस पडद्यासमोर बसलेला असतो. मधल्या यंत्रावर शिरून तो पुढच्या यंत्रावर स्वतः जाऊ शकतो. पत्र पाठवणारा मात्र पत्र सोडून उठून गेलेला असतो. पुढचा निर्णय यंत्रालाच घ्यावा लागतो, आणि पत्र अडले तर ते कोणाला कळवायचे हेही आधीच ठरलेले असावे लागते.

या प्रश्नाचा विचार किती बारकाईने झाला होता ते ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२१ मध्ये दिसते. सप्टेंबर १९८० पासून दोन वर्षांत टपालपद्धतीचे चार मसुदे झाले. त्यांतला हा शेवटचा, एसएमटीपीचा. त्यातले दोन उत्तर-क्रमांक मला फार महत्त्वाचे वाटतात. २५१ म्हणजे हा माणूस इथे नाही, पण पत्र मी पुढे पाठवतो. ५५१ म्हणजे इथे नाही, या पत्त्यावर प्रयत्न करा. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेलेल्या माणसाचे पत्र हरवू नये, ही काळजी नियमातच घातलेली आहे. पत्र पोचले नाही हे कळवणाऱ्या निरोपाचा परतीचा पत्ता रिकामा ठेवण्याची सोयही तिथेच आहे. नाहीतर अशा निरोपांना उत्तर म्हणून पुन्हा तसेच निरोप निघत राहिले असते.

त्याच महिन्यात आलेल्या डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ ने पत्राच्या मथळ्याचे नियम बदलले. १९७७ च्या नियमांनुसार पत्त्यात ‘@’ ऐवजी ‘अॅट’ हा शब्द लिहिला तरी चाले. नव्या नियमात ती मुभा गेली. जुन्या सवयीने पत्ते लिहिणाऱ्या प्रत्येक टपाल-प्रोग्रॅमची दुरुस्ती यामुळे आवश्यक झाली. प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’ नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे, हेही या टिपणाने ठरवले. पत्र अडलेल्या परक्या माणसाला, तिथल्या कोणाचेही नाव ठाऊक नसताना, दाद मागायला जागा मिळाली.

१९८२ मध्ये एनसीपी आधी एक दिवस आणि नंतर दोन दिवस मुद्दाम बंद ठेवले गेले, असे सर्फ यांनी पुढे सांगितले आहे. ही नंतरची आठवण आहे, तिला समकालीन टिपणाइतके वजन देता येत नाही. पण ती तांत्रिकदृष्ट्या सहज पटते. सप्टेंबर १९८१ च्या क्रमांकयादीत एनसीपीसाठी ० ते ७१ हे दुवे आहेत आणि आयपीसाठी १५५. एकाची वाट अडवून दुसऱ्याची मोकळी ठेवणे जाळ्याला शक्य होते.

सर्वांत बोलका पुरावा मात्र डेव्हिड स्मॉलबर्ग यांच्या तक्त्यांचा आहे. मार्च १९८२ मध्ये ठरलेल्या नमुन्यानुसार मेन्लो पार्क येथील माहिती केंद्राच्या यादीत कोणते यंत्र कोणत्या सेवा देते हेही नोंदवता येई. ती नोंद म्हणजे यंत्राबद्दलचे सांगणे. स्मॉलबर्ग यांनी २ डिसेंबरची यादी घेतली आणि ७ डिसेंबर १९८२ रोजी यंत्रांना बाहेरून जोडणी करून पाहिली. टेलनेट, एफटीपी आणि टपाल या तिन्हींची चाचणी त्यांनी वेगवेगळी घेतली. यंत्र जाळ्यावर दिसते म्हणजे त्याचे टपालही चालते, हे त्यांनी गृहीत धरले नाही. ज्याला कोणाला बिघाड शोधायचा आहे त्याने हे तक्ते जरूर वाचावेत.

तक्त्यांची मर्यादाही आहे. टपालाची जोडणी स्वीकारली गेली, यावरून पत्र माणसाच्या पेटीत पडले असे सिद्ध होत नाही. बंद पडलेले यंत्र आणि न बदललेले यंत्र यांतला फरकही एका दिवसाच्या चाचणीत ओळखता येत नाही. म्हणूनच ती चाचणी साधारण दर आठवड्याला पुन्हा झाली, हे मोलाचे. ठरलेली तारीख उलटल्यावरची पहिली फेरी ४ आणि ५ जानेवारीची. बारावी फेरी २२ फेब्रुवारीला झाली, आणि त्याच महिन्यात अॅन वेस्टाइन, स्मॉलबर्ग व पोस्टेल यांनी सगळ्या फेऱ्यांचा गोषवारा आरएफसी ८४७ म्हणून काढला.