देवाची आण आणि देशाची प्रतिज्ञा



शहापूरहून किन्हवलीकडे जाताना सकाळच्या वेळी वाटेवरच्या एखाद्या शाळेपाशी थांबावे, किंवा मुरबाडच्या पुढे सरळगाव, टोकावडे या बाजूच्या शाळेत डोकवावे. देखावा सगळीकडे सारखाच. मुले रांगेत उभी, उजवा हात पुढे आणि एका सुरात प्रतिज्ञा चाललेली. त्या भागातल्या एका शिक्षकांनी मध्यंतरी मला विचारले, "सर, या प्रतिज्ञेच्या आरंभी 'देवाला स्मरून' एवढे दोन शब्द घातले, तर काय बिघडेल? पोरांच्या मनावर जरा वचक राहील. नुसते देशाचे नाव घेतले, की ती पाठांतर म्हणून मोकळी होतात."

शिक्षकांचा हेतू चांगला होता आणि प्रश्नही टाकाऊ नव्हता. पण हे दोन शब्द घालायचे की नाही, याचा विचार आपल्या आधी पुष्कळांनी केलेला आहे. तो इतिहास आधी पाहू या.

आपल्या खेड्यात शपथेला काही तोटा नाही. आईची आण आहे, गळ्याची शपथ आहे, गावदेवीची आण आहे. मराठेशाहीत करारमदार पक्का करायचा, तर बेलभंडार उचलीत. मुसलमान सरदार असला, तर तो कुराणाची शपथ घेई. आता यातली खुबी बघा. ज्याची ज्यावर श्रद्धा, त्याच्याकडून त्याचीच शपथ घेत. मुसलमानाच्या हातात बेलभंडार दिला नाही, कारण त्याला वजन राहिले नसते. म्हणजे शपथेचे बळ शब्दात नव्हते, घेणाऱ्याच्या मनात होते. हे आपल्या पूर्वजांना नीट कळत होते.

पुढे इंग्रजांच्या कचेऱ्या आल्या. तेथे साक्षीदाराच्या हाती गंगाजल किंवा कुराण देत. पण कित्येक सच्ची माणसे अशी शपथ घ्यायला कचरत आणि न्यायाचे काम अडे. म्हणून १८४० साली कायदा झाला, की हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांनी खरे बोलण्याचे गंभीर वचन द्यावे, तेवढे पुरे. आजचा शपथांचा कायदा १९६९ चा आहे. त्यात साक्षीदाराला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत : ईश्वराला स्मरून शपथ घ्या, नाहीतर नुसते गांभीर्यपूर्वक वचन द्या.

याच कायद्यात एक लहानशी सवलत आहे. तिच्याकडे शिक्षक बंधुभगिनींनी अवश्य लक्ष द्यावे. साक्षीदार बारा वर्षांच्या आतले मूल असेल, खरे बोलावे हे त्याला कळत असेल, पण शपथ म्हणजे काय हे उमगत नसेल, तर न्यायाधीश त्याला शपथेवाचून बोलू देतात. जे ओझे न्यायालय लहान मुलाच्या डोक्यावर ठेवीत नाही, ते आपण रोज सकाळी शाळेत ठेवावे काय?

कोणी म्हणेल, स्वातंत्र्याच्या चळवळीत देवाचे नाव नव्हते का? होते. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर जी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली, तिच्यात परक्या सत्तेपुढे मान तुकवणे हा मनुष्याचा आणि ईश्वराचाही अपराध आहे, असा भाव स्पष्ट होता. ती नाकारण्याचे कारण नाही. पण ती घेणारी माणसे जाणती होती. सभेला स्वतःच्या पायांनी आली होती आणि पुढे तुरुंग आहे हे ओळखून उभी होती. ज्याला पटले नाही, तो घरी राहिला. शाळेतल्या मुलाला घरी राहता येत नाही. त्याची हजेरी लागते.

स्वराज्य आले आणि हाच प्रश्न घटना समितीपुढे उभा राहिला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटनेच्या उद्देशिकेची चर्चा चालू होती. हरि विष्णु कामत यांनी सूचना मांडली, की आरंभी 'परमेश्वराच्या नावाने' असे शब्द घालावेत. कामत भाविक होते आणि कसलेले देशभक्तही होते. पण लगेच अडचणी निघाल्या. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, की मग देवीचे नाव का नको? पंडित हृदयनाथ कुंझरू हे नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. त्यांनीही विरोध केला. श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची गोष्ट, ती सर्वांच्या वतीने कशी वदवून घ्यायची, असा विरोधाचा रोख होता. मत घेतले तेव्हा बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ पडली. विरुद्ध मत देणारे सगळे नास्तिक होते असे मुळीच नाही. त्यांत देवपूजा करणारेही होते. मंत्र्याच्या आणि आमदाराच्या शपथेत मात्र घटनेने ईश्वराचे नाव ठेवले, पण शेजारीच त्यावाचूनचा दुसरा मसुदाही ठेवला. निवड ज्याची त्याने करायची.

शाळेतली प्रतिज्ञा त्यानंतरची. विशाखापट्टणमला ट्रेझरीत अधिकारी असलेले पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत सुरू झाली. तिच्यात देश आहे, देशबांधव आहेत, आईवडील आणि गुरुजन आहेत. ईश्वराचा उल्लेख नाही. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून महाराष्ट्र शासनाने परिपाठात उद्देशिका वाचण्याचीही सूचना दिली. म्हणजे १९४९ चा तो निर्णय किन्हवली-टोकावड्याच्या मुलांच्या तोंडी आला.

आता आपला वर्ग पाहा. एका बाकावर कुणब्याचा मुलगा, शेजारी आगऱ्याची मुलगी. मागे ठाकर, कातकरी, वारली. कोणाच्या घरी वाघोबा आणि हिरवा, कोणाच्या घरी खंडोबा. एखादा मुसलमान मुलगा. आणि एखादी बौद्ध मुलगी. तिच्या घरच्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेचा वारसा घेतलेला. डॉ. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तिच्या घरी पाठ. तिला आपण 'देवाला स्मरून' म्हणायला लावले, तर घरची प्रतिज्ञा मोडल्यावाचून शाळेची घेता येणार नाही. गप्प राहिली तर गुरुजी रागावतील, बोलली तर आपण खोटे बोललो हे तिला आतून कळेल. देशप्रेमाचा पहिला धडा खोटे बोलण्याने सुरू करायचा काय?

अमेरिकेत नेमके हेच झाले. तिथली शाळेतली प्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी या धर्मोपदेशकाने लिहिली. तरी त्याने तिच्यात देव घातला नव्हता. 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाची मुले झेंड्याला वंदन करीत नसत, म्हणून त्यांना ठिकठिकाणी शाळेतून काढले. १९४० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालू दिले. तीनच वर्षांनी, १४ जून १९४३ ला, त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला आणि सक्ती बेकायदा ठरवली. पुढे साम्यवादाच्या धास्तीने १४ जून १९५४ ला प्रतिज्ञेत ईश्वराचे नाव घातले गेले. तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे.

आपल्याकडेही केरळात याच पंथाच्या तीन मुलांना १९८५ साली शाळेतून काढले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, फक्त गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. पुढे नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की तशी सक्ती करता येत नाही. घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाचेही हेच म्हणणे आहे, की मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक उपासनेला बसवायचे, तर मुलाच्या पालकांची संमती हवी.

म्हणून त्या शिक्षकांना मी म्हटले, "गुरुजी, देवाला देवघरात राहू द्या, तिथे तो सुखी आहे. प्रतिज्ञेत वचक हवा असेल, तर आठवड्यातून एक दिवस तिच्या एका वाक्याचा अर्थ मुलांशी बोला. देशबांधव म्हणजे कोण, तर हा शेजारच्या बाकावरचा, हे दाखवून द्या. आणि एखादे मूल गप्प उभे राहिले, तर छडी न उगारता त्याला जवळ घेऊन विचारा."

मुरबाड तालुक्यातच सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथल्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. दरवर्षी लोक तिथे वंदन करायला जातात. आपल्या मुलांना एकदा तरी तिथे घेऊन जा. गडाच्या पायथ्याशी उभे राहून तीच साधी प्रतिज्ञा म्हणू द्या. तिच्यात आणखी दोन शब्द घालावेत, असे मग तुम्हालाही वाटणार नाही.